फर्मागुडीच्या चढणीवर

फोंड्यात वजन वाढवायला वेगळे कष्ट घ्यावे लागत नाहीत. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश, सासष्टीत पोर्तुगिजांनी देवळं पाडायला घेतली, तेव्हा तिथले देव नद्या ओलांडून आमच्या अंत्रुज महालात आले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळात, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळात, केळशीची शांतादुर्गा कवळ्यात. देव आले तसे त्यांचे उत्सव आले, आणि उत्सवांमागोमाग पंगती. आज अंत्रुजात जत्रा नाही, पालखी नाही, वर्धापनदिन नाही की समाराधना नाही असा पंधरवडा सापडणं कठीण. समाराधना म्हटली की वरणभात, खतखतें, मुगागाठी आणि शेवटी मणगणें. चण्याची डाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाचा जाड रस. एका वाटीवर थांबलं तर निभावून जाईल, पण एका वाटीवर कुणी थांबत नाही, कारण वाढपी थांबत नाही. शिवाय तो प्रसाद. ‘प्रसादाक ना म्हणूंक जायना’ या एका वाक्याने माझ्या ओळखीतल्या निम्म्या पथ्यांचा बळी घेतलाय.

देवळाबाहेर सुटका असते म्हणावं, तर घरी सासूबाई. त्यांना ताटात काही टाकलेलं चालत नाही आणि ताट रिकामं दिसलेलंही चालत नाही. या दोन नियमांच्या मधून निसटायला वाट नाही. १९५५ साली भारत सरकारने गोव्याची नाकेबंदी केली तेव्हा त्या शाळकरी होत्या. घाटावरून येणारा माल थांबला आणि त्यांच्या घरी तांदूळ मोजून काढायला सुरुवात झाली. पाहुण्याच्या पानात दुसऱ्यांदा भात पडणं ही तेव्हा ऐपतीची खूण. घरात आलेल्या माणसाला त्या आजही आधी बशी देतात आणि मग खुर्ची. अशा बाईला ‘मी जेवण कमी केलंय’ हे सांगायचं कसं? ती आधी आपल्या तोंडाकडे बघते, मग आपल्या नवऱ्याच्या तोंडाकडे, आणि मग दुपारभर गप्प बसते.

एवढ्यासाठीच मला त्या आरोग्याच्या पुरवण्यांचा राग येतो, ज्यांत वजनाचा सगळा मामला एकट्या माणसाच्या इच्छाशक्तीवर सोडलेला असतो. मन घट्ट करा, जिभेवर ताबा ठेवा, ध्येय लिहून आरशावर चिकटवा. आरसा एकटीचा असेल, पण टोप सगळ्या घराचा असतो. आमच्याकडे जाड व्हायचं ते दहाजणांनी मिळून, आणि बारीक मात्र एकटीने व्हायचं. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २००७ साली निकोलस ख्रिस्ताकिस आणि जेम्स फाउलर यांचा एक निबंध गाजला. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासातल्या बारा हजारांवर माणसांची बत्तीस वर्षांची नोंद तपासून त्यांनी सांगितलं की, मित्र लठ्ठ झाला तर आपण लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते. फोंड्याच्या पंगतीत बसलेल्याला हे कळायला बत्तीस वर्षं लागली नसती.

आकडे आमचेही काही बरे नाहीत. २०२३ मध्ये आयसीएमआरचा इंडियाब अभ्यास छापून आला आणि मधुमेहात गोवा देशात पहिला निघाला. शंभरात २६.४, देशाची सरासरी ११.४. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत गोव्यातल्या दर तीन बायकांमागे एकीहून अधिक बाई जास्त वजनाची सापडली. त्याच सर्वेक्षणात चारचाकी असलेल्या घरांच्या प्रमाणातही गोवा पहिला आहे, ४५ टक्क्यांच्या आसपास. दोन्ही बातम्या शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात. खडपाबांधवरून बाजारात कोथिंबीर आणायला जाणारा माणूस गाडी काढतो, आणि ती लावायला जागा शोधत जेवढं फिरतो तेवढ्यात चालत जाऊन परत आला असता.

‘पूर्वीच्या बायका बघा कशा शेलाट्या होत्या’ असं म्हणणारे पुरुष आमच्याकडे पुष्कळ. होत्या खऱ्या. विहिरीचं पाणी, कांडप, शेतातली लावणी, डोक्यावर पाटी घेऊन बाजाराची वाट. पण त्या शेवटी जेवायच्या आणि उरलेलं जेवायच्या, हेही त्याच फोटोत असतं. त्या बारीकपणाचं कौतुक मला करवत नाही.

पहाटे चालायला जाणारा आमचा पाचजणींचा घोळका आहे. नावं घालत नाही. लिहायचं असेल तर लिही, पण नाव आलं तर बघ, असं चौघींनी बजावून ठेवलंय. एक टीचर, हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेल्या. एक वहिनी, नेवऱ्या, लाडू, चकल्यांच्या ऑर्डरी घेते, आणि पाक चाखल्याशिवाय तिचा धंदा चालत नाही. एक धाकटी, मूल दोन वर्षांचं झालं तरी ‘अजून उतरलं नाही गो तुझं?’ हा प्रश्न तिला नळावरच्या बाईपासून भटजींपर्यंत सगळ्यांनी विचारून झालेला. एक पोस्टातली, तिच्याबद्दल पुढे. आणि मी, गुडघे घेऊन आलेली. गुडघ्याच्या डॉक्टरांनी ‘वजन उतरवा’ असं सांगितलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. कसं, ते विचारायला वेळच मिळाला नाही.

पहाटे तिस्कावर जमायचं आणि पणजीच्या रस्त्याने सफा मशिदीपर्यंत यायचं. १५६० सालची आदिलशाहीतली मशीद, बाजूला चिऱ्यांचं बांधलेलं तळं. तिथून पुढे फर्मागुडीची चढण. वर गोपाळ गणपती, शिवाजी महाराजांचा पुतळा, इंजिनिअरिंग कॉलेज. २०१६ पासून त्याच आवारात आयआयटीही भरू लागली, त्यामुळे रात्रभर जागलेली मुलं गाड्यावर चहा पिताना भेटतात. आम्ही दिवस सुरू करतो तेव्हा ती संपवत असतात.

सुरुवातीला आमची रीत अशी होती की, भरभर चालणारीने तळ्याशी थांबायचं आणि मागची आली की पुढे निघायचं. सौजन्याची रीत, कुणाला खटकली नाही. पंधरवड्याने टीचर एकदम म्हणाल्या, ‘हे गणित चुकतंय.’ पुढची थांबते, दम खाते. मागची धापा टाकत पोचते आणि ती पोचताक्षणी सगळ्या निघतात. म्हणजे ज्या बाईला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, तिला ती कधीच मिळत नाही. चार मिनिटं थांबून आपण मोठे उपकार केले असं पुढचीला वाटतं आणि मागचीला मात्र आपण ओझं झालो असं वाटतं. त्या दिवसापासून नवी रीत पडली. शेवटची आली की तिने तळ्याच्या कठड्याला टेकायचं, पाणी प्यायचं, श्वास जागेवर आला की ‘चला’ म्हणायचं. निघायचा हुकूम तिचा. इतकी साधी गोष्ट, पण मला वाटतं आमचा घोळका टिकला तो याच्यावर. चढणीवर बोलता येईल आणि गाता येणार नाही असा वेग ठेवायचा, हे डॉक्टर मंडळीही सांगतात. आमच्या बोलण्याला खंड नसल्यामुळे वेग आपोआप बरोबर बसतो.

मला पहाटे उठवतं काय, याचा विचार केला तेव्हा त्यात आरोग्य फारसं सापडलं नाही. तिस्कावर अंधारात पोस्टातली उभी असेल, तिला डास चावत असतील, आणि मी गेले नाही तर ती फोन करणार नाही, नुसती उभी राहील; एवढंच मला अंथरुणातून काढतं. याला प्रेरणा वगैरे म्हणायला जीभ वळत नाही. भीड म्हणता येईल. आमच्या समाजात भीड बदनाम आहे, कारण भिडेखातर आपण दुसऱ्यांदा भात घेतो. तीच भीड उलट्या बाजूने वापरता येते, हा आमचा शोध. आमच्या आधी पिट्सबर्गला रीना विंग आणि रॉबर्ट जेफ्री यांनी तो मोजून मांडला होता. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात १६६ माणसं होती. काही एकेकटी आलेली, काही तीन मित्र किंवा नातलग घेऊन आलेली. एकट्याने आलेल्यांतल्या काहींना नुसते नेहमीचे उपचार मिळाले. त्यांतल्या ७६ टक्क्यांनी चार महिन्यांचा कार्यक्रम पुरा केला आणि पुढच्या सहा महिन्यांत उतरवलेलं सगळं वजन राखलं ते २४ टक्क्यांनी. मित्रांबरोबर आलेल्या आणि शिवाय एकमेकांना सांभाळायचं कसं हे शिकवलेल्या लोकांत हेच आकडे ९५ आणि ६६. त्यातलं ‘शिवाय’ मला महत्त्वाचं वाटतं. सोबत येणं एक, सोबत करणं दुसरं.

सोबत करण्याचा धंदाही होऊ शकतो, हे न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या जीन निडेच या गृहिणीने दाखवलं. १९६१ साल. बाई ९७ किलोंची. बाजारात एका ओळखीच्या बाईने तिच्या रूपाचं कौतुक केलं आणि विचारलं, ‘मग कधीची तारीख आहे?’ जीन गरोदर नव्हती. हा प्रसंग फोंड्याच्या बुधवारपेठेत घडला नसेल असं मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. ती शहराच्या सरकारी दवाखान्यात गेली, तिथलं पथ्य घेऊन आली, आणि लपूनछपून बिस्किटं खात राहिली. दवाखान्यात ही कबुली देण्यासारखं कुणी नव्हतं. मग तिने सहा जाड मैत्रिणींना घरी बोलावलं आणि बिस्किटांचं सांगून टाकलं. त्यांनीही आपापल्या लपवायच्या जागा सांगितल्या. दोन वर्षांत, १९६३ मध्ये, त्या बैठकांची ‘वेट वॉचर्स’ ही कंपनी झाली, आणि १९७८ साली ती हाइन्झने, म्हणजे टोमॅटो केचपवाल्यांनी, विकत घेतली. पुढचं ते केचपचं राहू दे. सात बायकांनी एका खोलीत बसून बिस्किटं कुठे लपवतो ते सांगणं, यातच सगळं आलं. आमच्यात वहिनीने पहिल्यांदा सांगितलं की, ऑर्डरीतल्या फुटलेल्या नेवऱ्या ती वेगळ्या डब्यात ठेवते आणि रात्री घर झोपल्यावर खाते. आणि कधीकधी त्या आपोआप फुटलेल्या नसतात. टीचर इतक्या हसल्या की त्यांना कठड्यावर बसावं लागलं. त्यानंतर त्यांनी आपल्या पुस्तकांच्या कपाटातल्या काजूकतलीचं सांगितलं.

आता दुसरी बाजू. आधाराच्या नावाखाली जे चालतं, त्यातलं बरंच काही छळवाद असतो. एक जात कौतुकाची. ‘सुकल्या गो तूं!’ हे आमच्याकडचं वाक्य काळजीचंही असतं आणि आहेराचंही, बोलणारीच्या भुवईवरून ओळखायचं. दुसरी जात पहाऱ्याची. लग्नात आपण लाडवाकडे हात नेला की लांबून नवऱ्याचा घसा खाकरतो. हाच नवरा रविवारी सकाळी गरम बन आणि पातळभाजी घेऊन येतो, आणि ‘एक दिसान कांय जायना’ म्हणतो. तिसरी जात मोबाइलवरची. आमचाही व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला. आधी सूर्योदयाचे फोटो, मग ताटांचे फोटो, मग दर रविवारी काट्याचा फोटो. त्यातच दीक्षित आणि दिवेकर वाद शिरला. २०१८ च्या सुमाराला सगळ्या मराठी घरांत तो होता. डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणतात दिवसातून दोनदाच, तेही पंचावन्न मिनिटांच्या आत जेवा. ऋजुता दिवेकर म्हणतात थोडंथोडं, वरचेवर खा. डॉ. दीक्षितांनी श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेला, त्यांच्या अनुयायांचे गट एकमेकांना रक्ताचे अहवाल दाखवत गावोगाव उभे राहिले, आणि हे सगळं फुकट; त्याचा मला आदर आहे. पण आमच्या पाचजणींत दोन पंथ झाले आणि चढणीवर बायका एकमेकींची तोंडं बघेनात. टीचरांनी तोडगा काढला तो असा की, दोन्ही पंथांत भज्यांना जागा नाही, तेव्हा तेवढ्यापुरतं एकमत समजावं.

काट्याचे फोटो मात्र महागात पडले. एका महिन्यात धाकटीचा आकडा वर गेला. मूल आजारी, रात्रीची जागरणं, घरात पाहुणे, व्हायचंच होतं. ग्रुपवर चार अंगठे खाली करण्याइतकं कुणी दुष्ट नव्हतं. पण तिच्या फोटोखाली कुणी काही लिहिलं नाही, आणि वहिनीच्या फोटोखाली फुलं आली. धाकटी दुसऱ्या दिवसापासून यायची बंद झाली. तिला समजवायला टीचर खडपाबांधला गेल्या आणि तासभर वजनाचा शब्द न काढता तिच्या मुलाला घेऊन बसल्या, तेवढ्या वेळात ती आंघोळ करून, केस धुऊन, झोपून उठली. आठवड्याने ती तिस्कावर आली. काट्याचे फोटो त्या दिवशी बंद झाले. काटा ज्याचा त्याने घरी बघावा, आवडला तर सांगावा, न आवडला तर चालायला यावं.

आणि काट्याला तसं कळतंच किती? पोस्टातली बाई पहिल्यापासून लुकडी. ‘तुला गो कशाला हवंय चालायला?’ असं तिला आम्हीच काय, वाटेत भेटणारे पुजारीबुवाही विचारायचे. पाचजणींत सगळ्यात जास्त साखर तिची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक हे कोडं वर्षानुवर्षं सोडवताहेत. २००४ साली त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि आपले इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. आपली माणसं बाहेरून बारीक आणि आतून जाड असतात. म्हणून आपल्याकडे काट्यापेक्षा कंबरेची टेप खरी बोलते, आणि बायकांची धोक्याची रेषा ८० सेंटिमीटरवरच येते. पोस्टातलीने तो फोटो मोबाइलवर ठेवलाय. ‘तुला कशाला?’ असं कुणी म्हटलं की ती तोच पुढे करते.

कंबरेवरून आठवलं ते पेडण्याचं. माझं माहेर तिकडचं. पौष आला की वाड्यावरच्या मांडावर धालो. रात्रीची जेवणं उरकून बायका जमायच्या, पुरुषांना त्यात स्थान नाही. समोरासमोर दोन रांगा. प्रत्येकीचा हात शेजारणीच्या कंबरेभोवती. एक रांग वाकून गात पुढे येते, दुसरी मागे सरते, मग दुसरी पुढे. पेडण्यात, डिचोलीत, सत्तरीत, आमच्या अंत्रुजातही रीत थोड्याफार फरकाने हीच. लहानपणी मी आईच्या शेजारी उभी राहायचे. आमच्या रांगेत एक म्हातारी होती, पाय सुजलेले. ती फार वाकू शकायची नाही. तिला कुणी ‘तू बस’ म्हटलेलं मला आठवत नाही. ती रांगेत आली की सगळी रांगच कमी वाकायची, पाऊल आखूड पडायचं, गाण्याची लय उतरायची. समोरच्या रांगेला ते कळायचं आणि त्याही तशाच सरायच्या. रात्र चढली की म्हातारी आपणहून बाजूला व्हायची, आणि लय पुन्हा चढायची. कमरेतून वाकणं, सरळ होणं, पुढे-मागे चालणं, आणि वर खड्या आवाजात गाणं. तास दोन तास. थंडीच्या दिवसांत पोलकी भिजायची. जिमच्या मुलांना हे सांगितलं तर ते याला इंग्रजी नाव देऊन महिन्याचे पैसे लावतील.

लग्नानंतर माझे धालो सुटले होते. टीचरांना याची हकिकत सांगितली तर त्या म्हणाल्या, ‘मग जाऊया की.’ पौषात पाचहीजणी पेडण्याला गेलो. आमच्या मांडावर आता बायका कमी येतात, बऱ्याचजणी स्पर्धेच्या रंगमंचावर रंगीत नऊवारीत भेटतात. पण मांड आहे, नारळ ठेवला जातो, रांगा धरल्या जातात. धाकटी वहिनीच्या शेजारी उभी राहिली. तिचा हात वहिनीच्या पाठीवर मध्येच संपला, पलीकडच्या बगलेपर्यंत पोचेना. दोघी तशाच नाचल्या. पुढच्या पौषात त्याच दोघी शेजारी शेजारी होत्या. फेरी सुरू झाली आणि धाकटी गाणं सोडून ओरडली, ‘पयलीं माझो हात हांगा पावनासलो!’ समोरची रांग थांबून बघायला लागली. वहिनी लाजली, मग तिने स्वतःचा हात धाकटीच्या कंबरेभोवती घट्ट केला आणि म्हणाली, ‘तुझीय कांय कमी जावंक ना.’ आमच्यात यापेक्षा अचूक मोजमाप कुणी केलेलं नाही. किती किलो ते दोघींनी अजून सांगितलेलं नाही.

पण नंतर वहिनीचा काटा अडला तो अडलाच. चालणं तेच, जेवण तेच, काटा हलेना. अशा वेळी आधार देणाऱ्यांची खरी फजिती होते, कारण द्यायला शाबासकी उरत नाही. अमेरिकेत टीव्हीवर वजन उतरवायची एक शर्यत लागायची, ‘द बिगेस्ट लूजर’. केविन हॉल या संशोधकाने तिच्यातल्या चौदा स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं आणि २०१६ साली निष्कर्ष छापले. बहुतेकांचं वजन परत चढलेलं, आणि त्यांची शरीरं बसल्याजागी दिवसाला अपेक्षेपेक्षा सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होती. म्हणजे शरीर उपाशी दिवसांची धास्ती घेऊन हात आखडतं. हे वाचून दाखवल्यावर वहिनी म्हणाली, ‘म्हणजे माझं शरीर तुझ्या सासूबाईंसारखं आहे.’ तांदूळ मोजून काढणारं. मला याहून चांगलं सांगता आलं नसतं. त्यानंतर तिची स्वतःवरची चिडचिड कमी झाली. उतरलेलं राखणं हेच काम, असं टीचरांनी ठरवून टाकलं, आणि काटा अडला तरी चढणीवर कुणी अडलं नाही. २०२५ मध्ये वजन उतरवणारी, आठवड्याच्या इंजेक्शनांची नवी औषधं भारतात आली. वहिनीच्या नणंदेने डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू केली. तिच्याबद्दल नाकं मुरडणारे भेटतात: ‘सुई टोचून कसलं गो बारीक होणं?’ साखरेची गोळी घेणाऱ्याला हे कुणी म्हणत नाही. ती नणंद रविवारी आमच्याबरोबर येते आणि तळ्याशी ‘चला’ म्हणायचा तिचाही क्रम लागतो.

घरातल्या टोपाचं काय केलं, हे विचारणाऱ्या पुष्कळजणी भेटतात. मी पहिल्या दिवसापासून एक पाळलंय: स्वतःसाठी वेगळं शिजवायचं नाही. एकीने उकडलेला दुधी खायचा आणि बाकीच्यांनी तिच्यादेखत सुंगटांचं हुमण ओरपायचं, याने बाई घरातच वाळीत पडते. त्यापेक्षा सगळ्यांचंच जेवण थोडं सरकवलं. हुमणात नारळ एका कवडीचा कमी. तळलेल्या बांगड्यापेक्षा हळदीच्या पानात भाजलेला. सकाळी पावाची रास कमी करून उकड्या तांदळाची पेज, सोबत मिठातली तोर. आठवड्यातून दोनदा नाचण्याचं आंबील. चवळीचं तोंडाक भरपूर आणि भात त्याच्यापुढे लहान. सासूबाईंनी पेज बघितली आणि नाराज होण्याऐवजी खूश झाल्या, कारण पेज त्यांच्या ओळखीची. पथ्य म्हणून काही दिलं असतं तर त्यांनी हात लावला नसता. आता त्याच सगळ्यांना सांगतात की सुनेला मी वळण लावलं.

पावसात फर्मागुडी बंद. जूनपासून रस्त्याला पाण्याचे लोट येतात आणि छत्री धरून चढण चढणं हे शौर्य असलं तरी शहाणपण नाही. टीचर त्या दिवसांत बांदोड्याला महालक्ष्मीच्या देवळात जाऊन प्रदक्षिणा घालतात आणि कुणी विचारलं तर नवस आहे म्हणतात. आम्ही बाकीच्या वहिनीच्या पडवीत फुगड्यांचा सराव करतो. श्रावणात तो करावाच लागतो, चवथीला वाड्यावर मांड रंगतो. नुसत्या दोघींच्या गरगर फुगडीने गुडघे बोलतात, म्हणून मी रांगेतल्या आणि गोलातल्या फुगड्यांत असते, आणि शेवटच्या ‘फू’ला माझा आवाज सगळ्यांत मोठा.

चवथ मात्र कठीण प्रकरण. आरतीला घरोघर जायचं, आणि प्रत्येक घरी माटोळीखाली बशी तयार. नेवरी, लाडू, वर पातोळी. दहा घरं म्हणजे दहा बशा. नाही म्हटलं तर यजमानीण दुखावते, हो म्हटलं तर चार महिन्यांची चढण एका संध्याकाळी उतरते. गेल्या चवथीला आम्ही आधी ठरवून घेतलं. घर कुठलंही असो, पाचजणींत एकच बशी मागायची, गोल बसून सगळ्यांनी त्यातलं घ्यायचं, म्हणजे यजमानणीचा मान राहतो. मागायचं काम टीचरांचं. त्यांनी अर्ध्या फोंड्याला गणित शिकवलंय, त्यांच्यापुढे कुणी उलट बोलत नाही.

सात घरं ठीक पार पडली. आठवं घर खडपाबांधला, धाकटीच्या सासरचं. तिची आजेसासू नव्वदीला टेकलेली, कानाने कमी, डोळ्यांनी तल्लख. टीचरांनी मोठ्याने, हात दाखवून सांगितलं, ‘आजी, मणगणें एकच वाटी द्या, आम्ही पाचजणी वाटून घेतो.’ आजीने मान हलवली, आत गेली आणि एक वाटी घेऊन बाहेर आली. आम्ही एकमेकींकडे बघितलं. जिंकलो असंच वाटलं. पाच चमचे, पाच घास, वाटी पुसून झाली. निघताना आजी पुन्हा आत गेली आणि झाकण लावलेले पाच स्टीलचे डबे घेऊन आली. ‘ती एक वाटी तुमकां पांच जाणींक,’ ती म्हणाली, ‘आनी हे तुमच्या घोवांक.’ टीचरांनी तोंड उघडलं, मिटलं आणि डबा घेतला. त्यांच्या यजमानांची साखर सोमवारी तपासायची होती. रविवारी रात्री त्यांनी लॅबला फोन करून पुढची तारीख घेतली.